तिसऱ्या दिवशी घरी

पुरस्कर्ता : मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेला माणूस एके काळी दहा-बारा दिवस खाटेला खिळून असे. आतड्याचा रोगट भाग काढून उरलेली दोन टोके जोडली, की त्या जोडाला विश्रांती हवी, ही समजूत पक्की होती. त्यामुळे नाकातून जठरात नळी, वारा सरेपर्यंत तोंडाने पाण्याचा घोटही नाही, हाताला सलाइन, लघवीची नळी आणि दुखण्यावर मॉर्फिन, असा सरंजाम ठरलेला असे. डेन्मार्कमधले शल्यविशारद हेन्रिक केलेट यांनी १९९०च्या दशकात कोपनहेगनलगतच्या व्हिडोव्रे रुग्णालयात एक साधा प्रश्न लावून धरला. शस्त्रक्रिया नीट झाली आहे, तर हा रुग्ण आजही इथे का आहे? उत्तरे मिळत ती अशी : दुखते, मळमळते, आतडे चालत नाही, अंगात त्राण नाही, नळ्या लागलेल्या आहेत. यांतले कर्करोगामुळे असलेले कारण जवळजवळ एकही नव्हते आणि बरीचशी तर उपचारांनीच निर्माण केलेली होती. मॉर्फिनने आतडे मंदावते, सलाइनने ते सुजते, पडून राहिल्याने स्नायू झडतात, उपासाने शरीर इन्सुलिनला दाद देईनासे होते. केलेट यांनी १९९७ साली भूलशास्त्राच्या एका ब्रिटिश नियतकालिकात मांडलेला विचार असा, की शस्त्रक्रियेने शरीरावर येणारा ताण एका औषधाने हटत नाही; त्याच्यावर अनेक बाजूंनी एकाच वेळी चाल करावी लागते. पुढे २००१ साली केन फिअरन आणि ओल्ले युंगक्विस्ट यांच्या पुढाकाराने युरोपातल्या काही शल्यगटांचा अभ्यासगट झाला, २००५ मध्ये त्यांनी सर्वांना मान्य होईल असा आराखडा छापला आणि २०१०मध्ये स्वीडनमध्ये रीतसर संस्था उभी राहिली. आराखड्याचे नाव ‘इरास’. शस्त्रक्रियेआधी समुपदेशन, कमीत कमी उपास, मोजके सलाइन, मॉर्फिन टाळणारे वेदनाशमन, नळ्यांना फाटा, त्याच दिवशी खाणे आणि उठून बसणे, अशी त्यात वीसेक कलमे आहेत.

साशंक : या यादीचा गोडवा असा, की बहुतेक कलमे काही तरी सोडून द्यायला सांगतात, आणि सोडून देणे स्वस्त असते. पण त्याच दशकात दुसरेही एक वळण आले होते. मोठ्या आतड्याचा भाग दुर्बिणीतून काढल्याच्या पहिल्या शस्त्रक्रिया १९९१ साली प्रसिद्ध झाल्या. कर्करोगात दुर्बीण वापरावी का, यावर बरीच वर्षे शंका होती. गाठीच्या पेशी दुर्बिणीच्या छिद्रांपाशी रुजतील, अशी धास्ती होती. अमेरिकेतल्या ८७२ रुग्णांच्या चाचणीने २००४ मध्ये ती बरीचशी दूर केली : तीन वर्षांत रोग उलटल्याचे प्रमाण दुर्बिणीच्या गटात १६ टक्के, उघड्या शस्त्रक्रियेच्या गटात १८ टक्के. रुग्णालयातला मुक्काम मात्र पाच दिवस विरुद्ध सहा दिवस, म्हणजे फरक अवघा एका दिवसाचा. गुदाशयाच्या कर्करोगात तर २०१५ साली अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या दोन चाचण्यांना दुर्बीण उघड्या शस्त्रक्रियेइतकीच चांगली आहे, हे काढलेल्या अवयवाच्या तपासणीवरून सिद्ध करता आले नाही. सांगायचे ते हे, की लहान छिद्रे आणि नवी शुश्रूषा एकाच सुमारास आल्या. रुग्ण तिसऱ्या दिवशी घरी गेला, त्याचे श्रेय यांतल्या कोणाचे?

पुरस्कर्ता : नेमक्या याच प्रश्नासाठी नेदरलँड्समध्ये नऊ रुग्णालयांत एक चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. चारशे रुग्णांचे चार गट केले : दुर्बीण आणि नवी शुश्रूषा, दुर्बीण आणि जुनी शुश्रूषा, उघडी शस्त्रक्रिया आणि नवी शुश्रूषा, उघडी आणि जुनी. एकूण मुक्कामाचा मध्यांक अनुक्रमे पाच, सहा, सात आणि सात दिवस. दोन्ही एकत्र आल्या तेव्हा निकाल सर्वांत चांगला लागला. त्याला कारणही आहे. पोट उघडले की त्वचेपासून आतड्यापर्यंतच्या ऊतींना इजा होते, आतडी हवेत उघडी पडतात, हाताळली जातात. या इजेची वर्दी मज्जातंतूंतून आणि रक्तातल्या दाहकारक रसायनांतून मेंदूला जाते, मग कॉर्टिसोल वाढते, साखर वाढते, स्नायूंतली प्रथिने वितळतात. दुर्बीण ही वर्दीच लहान करते. उरलेल्या वर्दीचे परिणाम शुश्रूषा आवरते. दोघींची कामे वेगळी, म्हणून त्या एकमेकींना पूरक.

साशंक : तीच आकडेवारी पुन्हा वाचावी. उघड्या शस्त्रक्रियेच्या दोन्ही गटांत सात आणि सात. नव्या शुश्रूषेने तिथे मध्यांक हललाच नाही. संशोधकांच्या विश्लेषणातही मुक्काम आणि गुंतागुंत कमी करणारा स्वतंत्र घटक एकच ठरला, तो म्हणजे दुर्बीण. दुसरी चाचणी ब्रिटनमधली, १२ केंद्रांत २०४ रुग्णांची, २०१४ साली प्रसिद्ध झालेली. तिथे सगळ्यांनाच नवी शुश्रूषा दिली आणि दुर्बीण व उघडी शस्त्रक्रिया यांची तुलना केली. पोटावर सारखीच मोठी पट्टी चिकटवून कोणती शस्त्रक्रिया झाली हे रुग्णापासूनही लपवले. मुक्काम पाच दिवस विरुद्ध सात दिवस. पण चाचणीचा मुख्य मापदंड होता महिन्यानंतरचा शारीरिक थकवा, आणि त्यात दोन गटांत काहीच फरक पडला नाही. खाट दोन दिवस आधी रिकामी झाली. माणूस महिन्याने तितकाच थकलेला होता.

पुरस्कर्ता : डच चाचणीत ‘जुनी’ म्हणून जी शुश्रूषा दिली, ती तोवर जुनी उरली नव्हती, हेही लक्षात घ्यायला हवे. २००५ ते २००९च्या काळात त्या रुग्णालयांतल्या परिचारिका आणि शल्यविशारद नव्या विचारांनी भारलेले होते. शेजारच्या खाटेवरचा रुग्ण दुसऱ्या दिवशी जेवत असताना या खाटेवरच्याला उपाशी ठेवणे कोणाच्याच्याने होत नाही. नवी पद्धत जसजशी नित्याची होते, तसतसा तिचा वेगळा परिणाम मोजणे अवघड होत जाते. १६ चाचण्या आणि २,३७६ रुग्ण एकत्र करून २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात मुक्काम सव्वादोन दिवसांनी घटला, एकूण गुंतागुंतीची जोखीम ४० टक्क्यांनी उतरली आणि पुन्हा भरती होण्याचे प्रमाण वाढले नाही.

साशंक : मुक्काम घटला हे मान्य. पण कोणत्या कलमामुळे? पुराव्यावर उभी असल्याचा दावा करणाऱ्या या यादीतली कलमे दर काही वर्षांनी बदलतात. सुरुवातीच्या आराखड्यात पाठीच्या कण्यालगत बारीक नळी घालून दिलेले एपिड्युरल हा मुख्य आधार होता. २०१५ साली लोझानच्या गटाने दाखवले, की दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर एपिड्युरलवाले उलट एक दिवस उशिरा सावरतात, कारण रक्तदाब उतरतो आणि तो चढवायला औषधे लागतात. मग शिरेतून लिग्नोकेन द्यावे, अशी टूम निघाली. ब्रिटनमधल्या ५९० रुग्णांच्या चाचणीने २०२४ मध्ये तिचाही निकाल लावला : तीन दिवसांत आतडे चालू झालेले ५७ टक्के, आणि औषध न दिलेल्यांत ५९ टक्के. सलाइनची गोष्ट आणखी बोलकी. आधी भरपूर, मग जवळजवळ कोरडे, मग पुन्हा थोडे जास्त.

पुरस्कर्ता : कलमे गळून पडतात ती चाचण्यांमुळेच. जुन्या पद्धतीतल्या उपासाला कोणी कधी चाचणीला बसवले होते? सलाइनची गोष्ट मात्र विस्ताराने सांगण्यासारखी आहे, कारण या सगळ्या विचाराचे मर्म तिच्यात दिसते. नॉटिंगहॅममध्ये २००२ साली केवळ वीस रुग्णांवर एक प्रयोग झाला. सगळ्यांच्या आतड्याचा भाग काढलेला. अर्ध्यांना रिवाजाप्रमाणे दिवसाला तीन लिटर किंवा जास्त पाणी आणि त्यासोबतचे मीठ दिले. अर्ध्यांना दोन लिटरच्या आत पाणी आणि निम्मे मीठ. पहिल्या गटाचे वजन तीन किलोंनी वाढले. ते वजन म्हणजे चरबी नव्हे, ऊतींत साचलेले पाणी. आतड्याच्या भिंतीतही ते साचते आणि भिंत सुजली की ती आकुंचन पावत नाही. त्या गटात वारा एक दिवस उशिरा सरला, शौच अडीच दिवस उशिरा झाली, मुक्काम तीन दिवस लांबला. आतडे झोपले आहे म्हणून सलाइन चालू, आणि सलाइन चालू म्हणून आतडे झोपलेले, असे ते चक्र होते. पुढे काहींनी हात फारच आखडता घेतला. मग २०१८ साली तीन हजार रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत दिसले, की कोरडे ठेवलेल्या गटात मूत्रपिंडाला इजा ८.६ टक्के आणि मोकळ्या हाताने दिलेल्या गटात ५ टक्के. आजचा सल्ला या दोहोंच्या मधला आहे. शस्त्रक्रिया संपताना वजन फारसे चढू द्यायचे नाही, रुग्ण पिऊ लागला की सलाइन काढायचे.

आधीच्या उपासाचेही तसेच. मध्यरात्रीपासून पाणीही नाही, हा नियम भुलेच्या वेळी उलटी फुप्फुसात जाण्याच्या भीतीतून आला. घन अन्न सहा तास आधी आणि स्वच्छ पातळ पेय दोन तास आधीपर्यंत चालते, हे आता भूलतज्ज्ञांच्या युरोपीय मार्गदर्शिकेतही आहे. सुमारे ४०० मिलिलिटर गोड पेयातून ५० ग्रॅम पिष्टमय पदार्थ दोन तास आधी दिले, की शरीर उपासाच्या अवस्थेत शस्त्रक्रियेला सामोरे जात नाही. (मधुमेह असलेल्याला ते पेय द्यावे का, यावर भूलतज्ज्ञांचे अजून एकमत नाही.) नाकातली नळी नेमाने ठेवण्याने फायदा नाही आणि फुप्फुसाचे विकार वाढतात, हे तर त्याहूनही जुने ज्ञान आहे.

साशंक : त्या १६ चाचण्यांच्या विश्लेषणातला एक तपशील सांगायचा राहिला. गुंतागुंत घटली ती कोणती? छातीचा संसर्ग, हृदयाचा त्रास, लघवीचा संसर्ग. शस्त्रक्रियेशी थेट जोडलेल्या गुंतागुंतीत ठोस म्हणावी अशी घट आढळली नाही, आणि आतड्याच्या जोडातून होणारी गळती ही तर सर्वांत भयंकर. शंभरांत काही जणांनाच ती होते, गुदाशयाच्या शस्त्रक्रियेत अधिक जणांना. पण ज्याला होते त्याच्या पोटात मळ पसरतो, पुन्हा शस्त्रक्रिया, बहुतेकदा मळ बाहेर काढण्यासाठी पोटावर छिद्र (स्टोमा), कधी मृत्यू. ही गळती पहिल्या-दुसऱ्या दिवशी क्वचितच समजते. पुष्कळदा ती पाचव्या दिवसानंतर उघडकीस येते. दहा दिवस वॉर्डात पडून राहण्याला एक अर्थ होता : गळती झाली तर ती डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत व्हायची. तिसऱ्या दिवशी घरी गेलेल्या रुग्णाची गळती घरी होते, आणि ती ओळखण्याची जबाबदारी त्याच्या बायकोवर किंवा मुलावर येते. थोडा ताप, पोट फुगणे, नाडी जलद होणे, अन्नावरची वासना उडणे, यांतले प्रत्येक लक्षण शस्त्रक्रियेनंतरच्या साध्या अशक्तपणातही दिसते. वॉर्डातल्या अनुभवी सिस्टरलाही त्यात चकवा बसतो.

पुरस्कर्ता : घरी पाठवण्याचा दिवस पंचांग बघून ठरत नाही. गोळ्यांवर दुखणे आटोक्यात असावे, घन अन्न पोटात टिकावे, रुग्ण स्वतः चालत संडासला जावा, वारा सरलेला असावा, ताप नसावा आणि घरी जायला रुग्ण राजी असावा, असे निकष असतात. शिवाय रक्तातल्या सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीनची साधी तपासणी आहे. तिसऱ्या दिवशी ते लिटरला १७२ मिलिग्रॅमच्या खाली असेल, तर गळती नसण्याची खात्री सुमारे ९७ टक्के, असे २०१४च्या एका एकत्रित विश्लेषणात निघाले. आकडा वर असला म्हणून गळती आहेच असे नाही. वर असणाऱ्या बहुतेकांना ती नसतेच. पण कोणाला ठेवून घ्यायचे, ते ठरवायला एवढे पुरते. घरी गेल्यावर एक-दोन दिवसांत प्रशिक्षित परिचारिकेचा फोन, चोवीस तास उचलला जाणारा क्रमांक, आणि शंका येताच थेट त्याच वॉर्डात परत घेण्याची सोय, हाही आराखड्याचाच भाग आहे.

आणि एक दूरचा लाभ. स्टॉकहोममधल्या ९११ रुग्णांच्या २०१६च्या अभ्यासात आराखड्यातली ७० टक्के किंवा जास्त कलमे पाळली गेलेल्यांत कर्करोगाने पाच वर्षांत मृत्यू येण्याची जोखीम ४२ टक्क्यांनी कमी आढळली. लवकर सावरलेल्या रुग्णाची केमोथेरपी वेळेवर सुरू होते, हे एक संभाव्य कारण.

साशंक : तो आकडा नको तिथे मिरवला जातो. कलमे पाळली जातात ती धडधाकट रुग्णांत. ज्याचे पोट फुगले, ज्याला ओकाऱ्या झाल्या, त्याला दुसऱ्या दिवशी जेवता येत नाही आणि त्याचे कलम चुकले अशी नोंद होते. कलम चुकल्यामुळे तो बिघडला, की बिघडल्यामुळे कलम चुकले? चिठ्ठ्या टाकून गट न पाडलेल्या अभ्यासातून हे सुटत नाही.

पुरस्कर्ता : ही हरकत रास्त आहे. तो आकडा संकेत म्हणूनच घ्यावा.

साशंक : मग निकषांकडे वळू. राजी असलेला रुग्ण, फोन, परत येण्याची सोय : या सगळ्यांमागे एक ‘घर’ गृहीत आहे. डेन्मार्कमध्ये नगरपालिकेची परिचारिका घरी येते. नेदरलँड्समध्ये प्रत्येकाला नेमून दिलेला कुटुंबवैद्य असतो. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात शस्त्रक्रिया झालेल्या गडचिरोलीच्या किंवा झारखंडच्या रुग्णाचे घर कुठे असते? पुष्कळांसाठी ते दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेतली जागा असते, आणि तीही मिळाली तर. गावी गेला तर जवळच्या डॉक्टराने त्या जातीची शस्त्रक्रिया कधी पाहिलेलीही नसते. पोट फुगले की तो गॅसचे औषध देतो. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर चार आठवडे पोटात टोचायची रक्त पातळ करणारी इंजेक्शने घ्या. २००२च्या चाचणीत त्यांनी पायाच्या शिरांतल्या गुठळ्या १२ टक्क्यांवरून ४.८ टक्क्यांवर आणल्या. ती आता कोण टोचणार, कुठे ठेवणार, पैसे कोण देणार? वॉर्डातला खर्च नाहीसा झालेला नाही, तो घरच्यांच्या माथी गेला. त्यात महात्मा फुले जनआरोग्य योजनेसारख्या योजनांत शस्त्रक्रियेचे पैसे एकरकमी ठरलेले असतात. रुग्ण जितका लवकर जाईल तितके रुग्णालयाच्या फायद्याचे. लवकर घरी जाणे हे शास्त्र आहे, असे म्हणायला मिळाले तर कोणाला नको असेल?

पुरस्कर्ता : खासगी रुग्णालयात दिवसाचे भाडे लागते तिथे ओढ उलटी असते, हेही त्याच हिशोबात धरावे. पण मूळ तोडगा असा, की लवकर सावरणे आणि लवकर जाणे या दोन गोष्टी सुट्या कराव्यात. उपास टाळणे, नाकात नळी न ठेवणे, सलाइन मोजून देणे, संध्याकाळी खुर्चीत बसवणे, पॅरासिटामॉल वेळेवर देणे, यातल्या कशालाच परदेशी यंत्रणा लागत नाही. भाताची पेज कोणत्याही वॉर्डात मिळते. उलट इथे एक गोष्ट युरोपात नसलेली आहे : खाटेशेजारी चोवीस तास नातेवाईक. त्याला शस्त्रक्रियेआधीच समजावून सांगितले, तर रुग्णाला दिवसातून चार वेळा चालवण्याचे काम तो कोणत्याही परिचारिकेइतके चोख करतो. न सांगितले तर तोच म्हणतो, उठू नका, टाके तुटतील. खाऊ नका, पोटाला आराम द्या. जुन्या शुश्रूषेची मुळे वॉर्डात होती तितकीच घरात होती.

शस्त्रक्रियेआधीच्या तयारीचेही तेच. चार आठवडे व्यायाम, प्रथिनयुक्त आहार, धूम्रपान बंद आणि मनाची तयारी, एवढे केल्यावर गंभीर गुंतागुंत २९.७ टक्क्यांवरून १७.१ टक्क्यांवर आल्याचे २०२३च्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत दिसले. कोरोनामुळे ती वेळेआधी थांबवावी लागली, म्हणून आकड्यावर फार भार टाकू नये. पण तारखेची वाट बघत रुग्णाचे आठवडे इथे असेही जातातच. ते नुसते वाट बघण्यात का घालवावेत?

साशंक : सुटे करणे कागदावर सोपे आहे. पण रुग्णालये मोजतात काय? दिवस. अहवालात, परिषदेत, योजनेच्या तक्त्यात यशाचा आकडा मुक्कामाचाच असतो. आराखड्याचा स्वस्त अर्धा भाग घेतला आणि महागडा अर्धा, म्हणजे फोन, परिचारिका, परतीची खाट, सोडून दिला, तरी दिवस घटतात आणि कामगिरी चांगली दिसते. नुकसान वॉर्डाबाहेर घडते, म्हणून ते त्या तक्त्यात येतच नाही. दुसऱ्याच रुग्णालयात भरती झालेला गळतीचा रुग्ण पहिल्या रुग्णालयाच्या लेखी पुन्हा भरती झालेलाच नसतो. मोजायचेच असेल तर शस्त्रक्रियेनंतरच्या तिसाव्या दिवसापर्यंत रुग्ण कुठे होता, कोणाकडे होता, आणि कधी कामाला लागला, हे मोजावे.

पुरस्कर्ता : तसे मोजणे शक्य आहे आणि मोजायलाच हवे. पण तोवर काय? ज्या रुग्णालयाकडे फोन उचलायला माणूस नाही, त्याने सावरलेल्या, जेवणाऱ्या, चालणाऱ्या रुग्णाला सात दिवस ठेवून घ्यायचे म्हटले, तर त्या खाटेची वाट बघणारा पुढचा रुग्ण आहे. त्याच्या आतड्यातही गाठ आहे. त्याची तारीख चार दिवसांनी पुढे जाते, आणि अशा प्रत्येक खाटेमागे चार दिवस धरले तर रांग आठवड्यांनी लांबते.

साशंक : शंभरांतल्या काही जणांची गळती वेळेवर पकडण्यासाठी सगळ्यांना ठेवायचे, आणि त्याची किंमत रांगेतल्या अनोळखी रुग्णाने मोजायची, हा सौदा न्याय्य आहे असे म्हणता येणार नाही. मात्र दुसरा सौदाही बिनखर्चाचा नाही. रांगेतल्याला लवकर तारीख मिळते ती धर्मशाळेत ताप मोजत बसलेल्या कोणाच्या तरी जोखमीवर. सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीनची तपासणी ही निवड थोडी सोपी करते : आकडा खाली असलेल्याला जाऊ द्यावे, वर असलेल्याला ठेवावे.

पुरस्कर्ता : आणि आकडा खाली असूनही ज्याचे गाव रुग्णालयापासून एका रात्रीच्या प्रवासावर आहे, त्याला?

साशंक : त्याच्यासाठी नियम अजून कोणी केलेला नाही. आज तो निर्णय राउंडवर आलेला डॉक्टर घेतो, आणि त्या सकाळी किती खाटा रिकाम्या आहेत हे त्याला माहीत असते.